मंगळवारचा रिकामा तास

अन्वी,

परवा तू फोनवर म्हणालीस, "आजी, एकदा लायसन्स हातात आलं की ही सुपरव्हिजनची कटकट संपली. दर आठवड्याला त्या बाईसमोर बसायचं, क्लायंटशी काय बोलले, का बोलले, सगळं सांगायचं. मी काय लहान आहे?" मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर मला इतका संताप आला की दुपारी जेवण गेलं नाही. त्यातला थोडा तुझ्यावर होता. तू पंचवीस वर्षांची आहेस, तो संध्याकाळपर्यंत निवला. बाकीचा जुना आहे आणि तो निवत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. रोहन, तुझा या समुपदेशनाच्या कामाशी संबंध नाही, तरी तूही वाच. शब्द अडले तर आईला विचारा, तिचं मराठी अजून शाबूत आहे.

मला सगळं क्रमाने सांगायची सवय आहे. पण माझ्या बाईंबद्दल, मी ज्यांच्यासमोर बसायचे त्यांच्याबद्दल, क्रमाने सांगायला गेलं की त्या हातातून निसटतात. म्हणून आठवेल तसं सांगते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी समुपदेशनाचा कोर्स केला, हे तुम्हाला माहीत आहे. "आता घरातल्यांना सल्ले देऊन झाले वाटतं," असं तुमचे आजोबा म्हणाले होते, तेही माहीत आहे. अलिबागला औषधांच्या एका दुकानाच्या माडीवर एक संस्था समुपदेशन केंद्र चालवायची. तिथे मी आठवड्यातून चार दिवस जाऊ लागले. बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते. फायली कशा लावाव्यात, नोंदी कशा ठेवाव्यात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं आणि तारीख असायची, अजूनही असते. रुजू झाले त्याच दिवशी मला सांगण्यात आलं की महिन्यातून दोनदा चौलला बाईंकडे जायचं. मला वाटलं, बाई म्हणजे कोणी देणगीदार असतील.

बाई देणगीदार नव्हत्या. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मनोविकार विभागात उभा जन्म काढून त्या चौलला आपल्या नारळी-पोफळीच्या वाडीत एकट्या येऊन राहिल्या होत्या. माझ्याहून सात वर्षांनी मोठ्या. डास चावतात म्हणून साडीवरून थोरल्या भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायच्या. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शर्ट संपत नव्हते. फोन उचलला की म्हणायच्या, "बोल, जिवंत आहे." आणि सगळ्यांना अरेतुरे. मला शेवटचं "तू" माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या. या बाईंनी पहिल्या दिवशी फाटकातच विचारलं, "तू ती नवी का? चपला तिकडे काढ, इथे कुत्रं नेतं."

त्यांच्या पडवीत तीन तऱ्हेच्या बसायच्या जागा होत्या. एक हातांची, उंच पाठीची शिसवी खुर्ची. एक साधी लाकडी खुर्ची. आणि एक बुटकं स्टूल, वीतभर उंचीचं, ज्यावर बसून पूर्वी त्यांची आई नारळ सोलायची. पहिल्या दिवशी मला शिसवी खुर्ची मिळाली. मनात म्हटलं, चला, निदान मुख्याध्यापिकेचा मान तरी ठेवला. दोन वर्षांनी एके दिवशी त्यांनी न बोलता साधी खुर्ची पुढे केली. पाचव्या वर्षी मी स्टुलावर आले.

"बाई, माझे गुडघे," मी म्हटलं.

"उशी घे."

"पण मी इथे सगळ्यात सीनियर आहे."

"म्हणूनच."

त्या दिवशी शिसवी खुर्चीत सुप्रिया बसली होती. थळची, कोळीवाड्यातली, पदवी आणि डिप्लोमा घेऊन नुकतीच आमच्याकडे लागलेली. पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. मला तेव्हा तो उघड अपमान वाटला. बाईंचं म्हणणं असं की नवा माणूस भेदरलेला असतो, त्याला पाठ टेकायला काहीतरी भक्कम पाहिजे. आणि जुन्या माणसाची पाठ इतकी ताठ झालेली असते की त्याला टेकू दिला तर तो उठतच नाही. हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. परागने विचारलं तेव्हा त्याला सांगितलं, मी शेजारी स्टुलावर बसून ऐकलं.

पराग आमच्यातला मधला. चार वर्षांचा अनुभव, साध्या खुर्चीवरचा. तो दर महिन्याला कुठल्यातरी कार्यशाळेला जायचा आणि नवीन पद्धत शिकून यायचा.

"या महिन्यात काय आणलंस रे?" बाई विचारायच्या.

"बाई, तुम्ही असं म्हणता जसं काही मी बाजारातून वांगी आणतो."

"वांगी आणली असतीस तर भाजी तरी केली असती. तुझ्याकडे येतो त्या पोराला किती पद्धती लावल्यास?"

"तीन. म्हणजे चौथी सुरू आहे."

"त्याला श्वास घ्यायला वेळ दे. पुढच्या खेपेला काही न लावता ये."

परागला राग यायचा, पण पुढच्या खेपेला तो खरंच काही न लावता यायचा आणि मग तासभर बोलायला त्याच्याकडे पुष्कळ असायचं.

नव्यांना त्या सरळ उत्तरं द्यायच्या. "असं विचार. हे विचारू नको. अमुक झालं तर मला फोन कर." सुप्रियाला तर वाक्यं लिहून द्यायच्या. माझ्या वाट्याला मात्र फक्त प्रश्न. त्यातला एक ठरलेला. मी एखादी भेट सांगत असायची, की अमुक बाई रडली, मी पाणी दिलं, मग मी असं म्हटलं. बाई मध्येच विचारायच्या, "ती रडली तेव्हा तू कुठे होतीस?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "खुर्चीत. कुठे असणार?"

"तुझी खुर्ची कुठे होती ते मला माहीत आहे. तू कुठे होतीस?"

आणि मग गप्प बसायच्या. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक ऐकू यायचा. त्या शांततेत मला कळायचं की ती बाई रडत होती तेव्हा मी मनातल्या मनात नोंदवहीतलं वाक्य तयार करत होते. हे बोलून दाखवायची मला इतकी लाज वाटायची की कितीदा तरी मी चौलहून परतताना ठरवलं, पुढच्या खेपेला जायचं नाही. तरी जायचे. तास संपला की त्या वाक्य अर्धं राहिलं तरी उठायच्या, आणि मग तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं असं वाढायच्या की घरी येऊन जेवायची सोय नसायची. जेवताना कामाचा एक शब्द नाही. फक्त पोफळीवर कोणता रोग पडला आणि शेजारच्या कॉटेजवाल्याने गाणी किती मोठ्याने लावली.

महिन्यातल्या एका मंगळवारी बाई पालीला जायच्या. रेवदंड्याहून रोहा, तिथून गाडी बदलून पाली. पिशवीत दोन नारळ. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, एक निवृत्त अधिकारी, याचं फार कौतुक करायचे. "या वयातही दर महिन्याला बल्लाळेश्वराला जातात. श्रद्धा असावी तर अशी." खरं काय ते मला बाईंनीच सांगितलं. पालीला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी दोन खोल्यांत काम करत होती, पस्तिशीतली. बाई तिच्यासमोर जाऊन बसायच्या. स्वतःच्या सुपरव्हिजनला.

"तुम्ही तिच्याकडे?" मी विचारलं. "तिला तुम्ही शिकवलंत ना?"

"म्हणूनच तिला माझ्या खोड्या माहीत आहेत."

"पण एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतर..."

"एवढ्या वर्षांत मला कोणी थांबवेनासं झालं. ती थांबवते."

"लोकांना वाटतं तुम्ही देवदर्शनाला जाता."

"तिथेही जाते की. पण तो प्रश्न विचारत नाही."

आता मंगळवारची गोष्ट. अन्वी, एक बाई सुप्रियाकडे यायची. तिचं नाव, गाव, ती का यायची, यातलं मी काही सांगणार नाही आणि तू विचारूही नको. एवढंच की आतल्या बाजूच्या एका खेडेगावातून एसटीने यायची, दर मंगळवारी अकरा वाजता, आणि घरी सांगायची की शिवणक्लासला जाते. तिच्या आठवड्यातला तेवढा एक तास तिचा स्वतःचा होता. हे फक्त सुप्रियाला आणि त्या बाईच्या बहिणीला माहीत होतं.

आमच्याकडे लोक न कळवता गैरहजर राहायचे. खोली अडून राहायची. मला अव्यवस्था सहन होत नाही. मी नियम सुचवला की लागोपाठ दोन भेटी चुकवल्या तर फाईल बंद, आणि तसं पत्र पाठवायचं. पत्राचा नमुनाही मीच लिहिला. "महोदया, आपण समुपदेशनाच्या दोन भेटींना पूर्वसूचना न देता अनुपस्थित राहिलात. सबब आपली फाईल बंद करण्यात येत आहे." कार्यकारिणीने तो मंजूर केला. भाषा किती सभ्य आहे असंही कोणी म्हणालं. बाईंना दाखवायचा राहिला होता. राहिला होता असं मी तेव्हा म्हणायचे. खरं तर मी तो दाखवला नव्हता.

ती बाई दोन मंगळवार आली नाही. दुसऱ्या मंगळवारी बारा वाजता सुप्रिया माझ्या दारात येऊन उभी राहिली. बाई त्या दिवशी पालीला होत्या.

"मॅडम, बाईंचा फोन लागत नाही. ती आजही आली नाही. काय करू?"

"नियम काय आहे?"

"फाईल बंद. पण मॅडम, मला वाटतं काहीतरी..."

"वाटणं बाजूला ठेव. पत्राचा नमुना माझ्या खणात आहे. सही करून पाठव."

"बाई उद्या येतील. उद्या विचारून..."

"सुप्रिया, प्रत्येक गोष्ट बाईंना विचारून होत नसते."

मी मान वरसुद्धा केली नाही. त्या नियमाखाली गेलेलं ते पहिलं पत्र.

आठवड्याने तिची बहीण आली. माडीचा जिना चढून आली ती धापा टाकतच बोलायला लागली. "ताई, काय केलंत तुम्ही हे? बाळ आजारी होतं म्हणून आली न्हाय ती. तर घरी कागद! सासूने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. म्हणते, फाईल कसली हाय तुझी? कोरटाची का येड्यांच्या इस्पितळाची? क्लासला जाते म्हणत होतीस ना? आता शिवणयंत्र पण काढून घेतलंय तिचं. दारातसुद्धा उभी राहू देत न्हायत."

मी लगेच चपला घातल्या नाहीत, बहिणीची माफी मागितली नाही. मी नोंदवहीत तारीख आणि वेळ लिहिली.

शनिवारी चौलला गेल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. नमुना माझा, सांगितलं मी, सही तिची. काही लपवलं नाही, माझ्या बाजूने एवढंच. बाईंनी एकच विचारलं.

"सुप्रियाला सांगितलंस?"

"काय?"

"चूक तुझी होती हे."

"बाई, नियम संस्थेचा..."

"मी नियमाला विचारत नाही. तुला विचारते."

सुप्रियाला त्यांनी वेगळं बोलावलं होतं. तिला त्या बाईच्या घरी धावत जायचं होतं, सासूच्या पाया पडायचं होतं. बाईंनी तिला नव्या माणसासारखं सरळ सांगितलं. "जायचं नाही. एकदा तिच्या घरात आपण न विचारता घुसलो, दुसऱ्यांदा घुसायचं नाही. बहिणीला सांग, दर मंगळवारी अकरा ते बारा तू खोलीत एकटी असशील. त्या वेळेला दुसऱ्या कोणाला घ्यायचं नाही."

"किती दिवस, बाई?"

"दिवस मोजायचे नाहीत."

मग कार्यकारिणीची बैठक झाली. कारण पत्राची बोंब गावभर झाली होती, आणि संस्थेचं नाव खराब होतंय असं अध्यक्षांना वाटत होतं. त्या बाईचं काय झालं हे त्या बैठकीत एकाही माणसाने विचारलं नाही. एकानेही नाही! विषयपत्रिकेवर शब्द होता 'निष्काळजीपणा'. लांब टेबल, भोवती आम्ही सगळे खुर्च्यांवर, आणि सुप्रियासाठी खुर्चीच ठेवली नव्हती. तेवीस वर्षांची मुलगी, हात पाठीमागे बांधून शाळेतल्यासारखी उभी. शाळेत मीही पोरांना तसंच उभं करायचे.

"ही सही तुमची?" पत्राची कार्यालयातली प्रत पुढे करून अध्यक्षांनी विचारलं.

"हो सर."

"पाठवायला कोणी सांगितलं होतं?"

सुप्रियाने कोणाचं नाव घेतलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती माझी सुटका आहे असं मी समजले.

बाईंनाही बोलावलं होतं. त्या उठल्या. भावाचा शर्ट घालूनच आल्या होत्या. त्यांनी आपली खुर्ची ओढत सुप्रियाजवळ नेली. "बस गं." आणि स्वतः उभ्या राहिल्या. "ही अजून शिकते आहे. शिकणाऱ्याच्या कामाची जबाबदारी शिकवणाऱ्यावर असते. त्या दिवशी मी जागेवर नव्हते. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"तुम्ही कुठे होतात?"

"पालीला."

"दर्शनाला?"

"माझ्या सुपरव्हिजनला."

अध्यक्ष आधी समजले नाहीत. समजल्यावर हसले. "म्हणजे या वयात तुम्हालाही कोणीतरी लागतं? मग इतकी वर्षं ही माणसं आम्ही तुमच्याकडे शिकायला कशासाठी पाठवत होतो?" टेबलाभोवती दोन-चार जण हसले. एक म्हणाले, "थोडक्यात काय, गप्पाच." आणि तेच कारण म्हणून इतिवृत्तात लिहिलं गेलं, की संबंधितांना स्वतःलाच मार्गदर्शनाची गरज भासत असल्याचं त्यांनी मान्य केलं आहे.

अन्वी, मला यावर अजून संताप येतो. त्या टेबलाभोवती एकच माणूस असा होता की जो चुकू नये म्हणून दर महिन्याला तीन तास एसटीत बसून आपल्या विद्यार्थिनीसमोर आपलं काम उघडं करून ठेवायचा. ज्या गोष्टीसाठी तिच्यापुढे हात जोडायचे तीच गोष्ट या लोकांनी तिच्याविरुद्ध लिहून घेतली. ज्यांनी आयुष्यात कोणाला आपलं काम दाखवलं नाही त्यांनी! नारळाच्या बागेला माणूस लावतात तेव्हा तो वर चढून काय करतो ते खाली उभं राहून बघतात. आणि इथे एक माणूस दुसऱ्याच्या मनात हात घालतो, तर म्हणे बघायला कोणी नको, अनुभव आहे.

आणि मी? मी खुर्चीत होते. बावीस वर्षं लाल पेन माझ्या हातात होतं. माझ्या पानावर कोणी लाल रेघ मारेल ही कल्पनाच मला सोसली नाही. दोन वाक्यं बोलायची होती. मी ती तयारही केली होती, व्यवस्थित, मुद्देसूद. बोलले नाही.

ठराव झाला. बाहेरचं सुपरव्हिजन बंद. नव्यांनी जुन्यांना विचारावं, जुन्यांना कोणाला विचारायची गरज नाही. सुप्रियाच्या सेवापुस्तकात ताकीद. आणि मार्गदर्शक म्हणून एकमताने माझी नेमणूक. टाळ्या वाजल्या. मी ती जागा घेतली. माझ्या खोलीत टेबलाच्या पलीकडे सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या ठेवल्या. सुप्रिया आठवड्यातून एकदा येऊन बसायची, "सगळं ठीक आहे मॅडम" म्हणायची आणि जायची. मंगळवारी अकरा वाजता तिची खोली रिकामी असते अशी तक्रार अध्यक्षांनी माझ्याकडे केली तेव्हा मी तिला तो तास वापरायला सांगितलं. तिने राजीनामा दिला. संस्थेच्या नव्या पत्रकावर 'अनुभवी मार्गदर्शनाखाली' या शब्दांशेजारी माझा फोटो आला. तुमच्या आईने तो फ्रिजवर लावल्याचं मला सांगितलं होतं. काढायला सांगा.

मी चौलला जायची थांबले नाही. आता संस्थेतर्फे नाही, माझी मी, दर पहिल्या शनिवारी. बाईंनी मला हाकललं नाही. फाटक उघडायच्या आणि विचारायच्या, "सांगितलंस?"

"नाही."

"बस."

आणि स्टूल पुढे करायच्या. तीन वर्षं. दर महिन्याला तेच. एकदा मी चिडून म्हटलं, "सुप्रिया तुमच्याकडे येते ना दर बुधवारी? मग तुम्हीच सांगून टाका की!"

"मी कशाला सांगू? ते तुझ्या तोंडून गेलं पाहिजे."

"फार जुनं झालं आता बाई."

"तुझ्यासाठी झालं का?"

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी बाई गेल्या. शेवटच्या शनिवारी खाटेवर पडून होत्या, पण शर्ट अंगात होताच. "सांगितलंस?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात नक्की. "माझ्याकडे पुढचा महिना आहे का ते डॉक्टरला विचार," म्हणाल्या आणि हसल्या. मग मला खाटेच्या कडेवर बसवून त्यांनी पूर्ण तास घेतला. वाक्य अर्धं असताना घड्याळाकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटले. माझा राग काढायला आता समोर माणूस उरला नाही, याचाही मला राग आला.

संस्थेने शोकसभा ठेवली. अध्यक्ष बोलले, "बाईंची मार्गदर्शनाची परंपरा आम्ही समर्थपणे पुढे चालवत आहोत." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे हात केला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि जिना उतरून थेट स्टँडवर गेले. राजीनामा दुसऱ्या दिवशी पाठवला, कोपऱ्यात आद्याक्षरं घालून.

पालीच्या त्याच दोन खोल्यांत आता सुप्रिया बसते. बाईंची विद्यार्थिनी पुण्याला गेली, तिने जागा सुप्रियाच्या हवाली केली. मी तिच्याकडे गेले, आधी फोन करून वेळ मागितली होती. पिशवीत दोन नारळ होते, का घेतले ते मला सांगता येणार नाही.

"या मॅडम. गाडीला गर्दी होती?" तिने शिसवी खुर्ची पुढे केली. बाईंचीच. पुतण्यांनी वाडी विकली तेव्हा तिने मागून घेतली होती.

"मी खाली बसते. मला सवय आहे."

"नाही. आज पहिल्यांदा आलात ना? इथे बसा."

मी बसले आणि सांगितलं. नमुना माझा होता. पाठवायला मी सांगितलं. बैठकीत मी बोलायला हवं होतं.

"हो," ती म्हणाली.

"तुला राग नाही आला?"

"आला ना. अजून आहे."

"मग तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस?"

"माझी पहिली नोकरी होती मॅडम. घरात ऑफिसात जाणारी पहिली मुलगी मी. आई मासळी विकून आली की शेजारणींना सांगायची, माझी पोर टेबलावर बसते. तुमच्याविरुद्ध माझं कोणी ऐकलं असतं?" मग म्हणाली, "आणि नाव घ्यायचं कशाला? पत्र त्यांच्या समोरच पडलेलं होतं. डाव्या कोपऱ्यात तुमची आद्याक्षरं होती. सगळ्यांना दिसत होती."

म्हणजे त्यांना माहीत होतं. अध्यक्षांना, हसणाऱ्यांना, टाळ्या वाजवणाऱ्यांना. मी एकटीच समजत होते की मी काहीतरी लपवते आहे. मला तिथल्या तिथे असा संताप आला की मी त्या सगळ्यांची नावं घेऊन बोलू लागले. सुप्रियाने थोडा वेळ बोलू दिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मी उभी होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"खुर्चीत," माझ्या तोंडून गेलं.

ती वाट बघत राहिली. पुढे मी काय बोलले ते त्या खोलीत राहील, तुम्हालाही सांगणार नाही. तास संपला तेव्हा माझं वाक्य अर्धं होतं.

निघताना मी विचारलं, "दर महिन्याला येऊ का? मंगळवारी सकाळची गाडी बरी पडते. अकराला पोचते."

"मंगळवारी अकरा नको. ती वेळ दिलेली आहे."

भिंतीवरच्या वेळापत्रकात मंगळवारचा तो एक चौकोन कोरा होता.

"बहिणीला इथला पत्ता ठाऊक आहे?"

"आहे."

"ती आली का गं कधी?"

सुप्रियाने वही मिटली. "मॅडम, तुम्ही आता त्या कामावर नाही. बुधवार चालेल?"

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, अन्वी. मी दर महिन्याला बुधवारी जाते.